मूठ म्हणजे मागे कोणी नाही

जबाब देणारीचे नाव : लोरीन ॲन प्रुइट. वय : ४७ वर्षे. धंदा : शाळेची बस चालवणे. राहणार : ब्रॉली, इम्पीरियल काउंटी, कॅलिफोर्निया.

जबाबाची जागा : शेरीफचे वाळूपट्टीवरील ठाणे. वार : थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, सकाळी. लिहून घेणारे : डेप्युटी सलसीडो.

मी वर नाव लिहिलेली लोरीन प्रुइट, आज आपल्या पायाने ठाण्यात आले असून, मला विचारले त्याचे उत्तर म्हणून सांगते ते असे :

मी पती क्लेट प्रुइट यांच्यासह राहते. ते कालव्यावर शेतांना पाणी सोडण्याच्या नोकरीत आहेत. सासरे ऑर्व्हिल प्रुइट, ज्यांना मी पॉप म्हणते, शेजारच्या घरात एकटे राहतात. त्यांचे जेवण आमच्याकडे असते. आम्हाला मूल नाही.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आठवड्यात आम्ही दरवर्षी वाळूच्या टेकड्यांत तळ टाकतो. ट्रेलर गोल लावतो, मध्ये शेकोटी, एका बाजूला टर्की तळायचे पिंप. लग्न झाल्यापासून माझे एकही वर्ष चुकलेले नाही. माणसे तीच असतात, जागाही तीच.

काल शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास माझी बग्गी, म्हणजे वाळूत चालवायची उघडी मोटार, टेकडीच्या माथ्यावरून घसरून एका खोल खळग्यात उलटी पडली. अशा खळग्याला आम्ही वाटी म्हणतो. त्यानंतर थोड्याच वेळात कॅलेक्सिको येथील एफ्राईन बाल्डेनेग्रो यांची बग्गी त्याच माथ्यावरून आली आणि माझ्या बग्गीवर आदळली. माझ्या उजव्या खांद्याचे हाड मोडले आहे. मानेला पट्टा आहे. कपाळाला टाके आहेत. आज सकाळी दवाखान्यातून सोडले.

बाल्डेनेग्रो यांच्यावर बेदरकारपणे, पुढचे न पाहता माथा ओलांडून मला जखमी केल्याचा ठपका ठेवला आहे, असे मला सांगण्यात आले. त्याबद्दल मला काय माहीत आहे, एवढेच विचारण्यात आले. तेवढेच सांगते.

पुढचे डेप्युटी सलसीडो यांना माहीत आहे. ते स्वतः वाळूत वाढलेले आहेत. पण ते म्हणाले, "हा कागद ज्याच्या टेबलावर जाणार त्याच्या बुटात कधी वाळू गेलेली नसेल. त्याला समजेल असं सांगा." म्हणून सांगते.

वाळूत टेकडीच्या पलीकडचे दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीला उंच काठी आणि काठीवर झेंडा असतो. आणि समोरून कोणी आले तर हात वर करायचा. आपल्या मागे आपल्यातल्या जितक्या गाड्या आहेत तितकी बोटे दाखवायची. मागे दोन असतील तर दोन. एक असेल तर एक. शेवटच्या गाडीने मूठ दाखवायची. मूठ म्हणजे मागे कोणी नाही, वाट मोकळी आहे, आता तुम्ही जा. समोरचा थांबतो, बोटे मोजतो आणि मूठ दिसल्यावर गाडी वळवतो. हे कुठे लिहिलेले नाही. आपल्याकडे लहान मुलांना बुटाची नाडी बांधायला शिकवायच्या आधी हे शिकवतात. एकमेकांचा जीव त्या हातावर असतो.

दुसरा नियम असा, की मागची गाडी दिसेनाशी झाली तर थांबायचे. तरी आली नाही तर मागे वळून, जिथे शेवटची दिसली तिथे जायचे. हा नियम नवीन माणसांना माझे पती शिकवतात.

क्लेट नेहमी शेवटी असतात. तळावर त्यांना सगळे 'शेपूट' म्हणतात. बाहेरच्याला ते हसू येण्यासारखे वाटेल, पण आमच्यात ते मानाचे नाव आहे. सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटी ठेवतात. कोणाच्या इंजिनाचा पट्टा तुटला, कोणी रुतले, कोणाचे पोर घाबरून रडायला लागले, तर शेपूट तिथे असते. क्लेट यांनी आजवर कोणाला मागे सोडलेले नाही. हे मी त्यांची पत्नी म्हणून सांगत नाही. तळावर कोणालाही विचारावे.

त्यांच्या बग्गीत उजव्या सीटवर मी बसत असे. त्यांचे दोन्ही हात अडकलेले असले तर मूठ मीच दाखवायचे. मागे बघण्याचे कामही माझे होते. आरसा त्यासाठी माझ्या बाजूला वळवलेला असतो.

या वर्षी मी माझी स्वतःची बग्गी घेतली. जुनी आहे, हिरवी, एकाच माणसाची. का घेतली असे डेप्युटी सलसीडो यांनी विचारले. मी म्हटले, चालवायची होती म्हणून. मी रोज साठ मुले घेऊन बस चालवते. शेवटच्या थांब्यानंतर मागच्या सीटपर्यंत चालत जाते, कोणी झोपून राहिलेले नाही ना बघते, मग उतरते. मला गाडी चालवता येते. एवढ्या वर्षांत वाळूत चालवली नव्हती, इतकेच.

गुरुवारी जेवताना यावरून चेष्टा झाली. सासरे म्हणाले, "आता क्लेटला हळू चालव, हळू चालव असं कोण ओरडणार? पोरगं बहिरं होईल शांततेनं." शेजारच्या ट्रेलरमधला कोणीतरी म्हणाला, "वाळूला कळवलंय का, आज लोरीन येतेय म्हणून?" क्लेट म्हणाले, "कळवलंय. वाळू म्हणाली, मी बाजूला सरकते." सगळे हसले. मीही हसले. क्लेट यांनी माझ्या ताटात टर्कीची कुरकुरीत कातडी वाढली. ती मला आवडते हे त्यांना माहीत आहे. वाढताना त्यांनी विचारले, "खरंच एकटीनं चालवणार? माझ्याबरोबर बसलीस तर काय होईल?" मी म्हटले, काही होणार नाही, पण मला चालवायची आहे. ते म्हणाले, "बरं. माझ्या मागून ये. माझ्या चाकोरीतून. मी आहे पुढे."

काल जेवणानंतर आम्ही तिघे निघालो. पुढे सासरे, मध्ये क्लेट, शेवटी मी. निघताना टायरमधली हवा क्लेट यांनी स्वतः कमी करून दिली, सीटचे पट्टे ओढून बघितले. हेल्मेटमधला रेडिओ तिघांचा एकाच वाहिनीवर लावला. माझे बोलायचे बटण उजव्या हाताशी, पट्ट्यावर बसवले होते.

आम्ही पूर्वेकडे जात होतो. ऊन पाठीवर होते. घटनेच्या जागी असे आहे, की आधी वाटी, मग तिच्या पूर्व कडेला चाकूच्या पात्यासारखा माथा आणि माथ्याच्या पलीकडे दोन टेकड्यांमधली अरुंद वाट. सासरे आणि क्लेट माथा ओलांडून वाटेत उतरले. मी वाटी चढून माथ्यावर आले. खाली दोघांच्या पाठी दिसत होत्या. समोर वाटेच्या कडेला एक निळी बग्गी उभी होती. त्यात दोन माणसे होती. ती एफ्राईन बाल्डेनेग्रो आणि त्यांची पत्नी सोकोरो होत, हे मला नंतर कळले. गाडी उभी होती. इंजिन चालू होते, पण गाडी उभी होती. आमची वाट बघत होती. हे दोनदा सांगते आहे ते मुद्दाम.

सासऱ्यांनी डावा हात वर केला. एक बोट दाखवले.

आम्ही तिघे होतो. त्यांच्या मागे दोन गाड्या होत्या.

मग क्लेट निळ्या बग्गीजवळ पोहोचले. त्यांनी डावा हात वर केला. मूठ दाखवली.

नक्की मूठच होती का, बोट असेल, इतक्या लांबून कसे दिसले, असे मला विचारण्यात आले. अंतर शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असेल. ऊन माझ्या पाठीमागून थेट त्या हातावर पडले होते. क्लेट यांच्या डाव्या हातमोज्याचे पहिले बोट फाटलेले आहे. त्यावर मी पिवळी चिकटपट्टी गुंडाळून दिली आहे. बोट वर असते तर पिवळे दिसले असते. पिवळे दिसले नाही. हातमोजा पुराव्यात घ्यायचा असल्यास तो आमच्या ट्रेलरमध्ये चुलीच्या वरच्या खुंटीवर असतो.

ती मूठ बघितल्यावर काय वाटले, असे विचारण्यात आले. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, एवढे सांगते. माथ्यावर असताना पाय उचलायचा नसतो. वाळूत गाडी वेगावर तरंगते. पाय उचलला की पुढची चाके रुततात. रुतल्यावर मागचा भाग डावीकडे फिरला, गाडी आडवी झाली आणि मी आले होते त्याच बाजूला, वाटीत, लोळत गेली. किती वेळा उलटली ते सांगता येणार नाही. थांबली तेव्हा चाके वर होती. झेंड्याची काठी मोडली होती.

पाय उचलला ती चूक माझी आहे. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर लिहू नये.

मी पट्ट्यांनी उलटी टांगलेली होते. हेल्मेट गाडीभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळीला टेकले होते. उजवा हात खांद्यापासून नळी आणि वाळू यांच्या मध्ये अडकला होता. पट्ट्यांचे कुलूप पोटावर असते. डावा हात तिथे पोहोचत होता, पण माझे सगळे वजन पट्ट्यावर असल्याने कुलूप उघडत नव्हते. बोलायचे बटण उजव्या खांद्याखाली गेले होते. डाव्या हाताने तिथे पोहोचता येत नव्हते. मी प्रयत्न केला.

वाळू वरून येत होती. एकदम येत नव्हती. गिरणीतून पीठ पडते तशी, एका धारेत. आधी खांद्यापाशी साठली, मग मानेपाशी. हात हलवला की जास्त येत असे. म्हणून मी हलणे थांबवले.

रेडिओ चालू होता. मला दोघांचे ऐकू येत होते.

सासरे म्हणाले, "तुझी मालकीण दिसत नाही रे."

क्लेट म्हणाले, "वळली असेल तळाकडं. बटाटे सोलायचे राहिलेत म्हणत होती."

मी असे म्हटले नव्हते.

सासरे म्हणाले, "हाक तरी मार."

क्लेट यांनी हाक मारली. "लोर, ऐकू येतंय का? लोर?"

मी उत्तर दिले. बटण दाबलेले नसल्याने ते कोणाकडे गेले नाही.

क्लेट म्हणाले, "रेडिओ बंद केलाय तिनं. कंटाळली की करते तसं."

त्यानंतर सासऱ्यांनी विचारले, की टेकडीवर सॉसेजचा ठेला आज लागलाय का. क्लेट म्हणाले, लागला असेल, शुक्रवार आहे. मोहरी जास्त घालून घ्यायची, की कांदा, यावर दोघांचे थोडे बोलणे झाले.

याच वेळी मला माथ्याच्या पलीकडून इंजिनाचा आवाज चढत येताना ऐकू आला. चढाला लागलेल्या इंजिनाचा आवाज मला ओळखता येतो. ते कोण आहे आणि का येत आहे हे मला कळत होते. त्याला मूठ दिसली होती. त्याच्या दृष्टीने वाटी रिकामी होती. मी डावा हात पिंजऱ्याच्या जाळीतून बाहेर काढला आणि हलवला. तो हात जमिनीपासून वीतभर वर होता. माथ्यावरून तो दिसणे शक्य नव्हते. तरी हलवत राहिले.

बाल्डेनेग्रो वेगात होते का, असे विचारण्यात आले. माथा ओलांडायला लागतो तेवढाच वेग होता. त्याहून कमी वेगाने आले असते तर माझ्यासारखे रुतले असते. ते उडत आले नाहीत. माथ्यावर त्यांनी गाडी तिरकी केली, म्हणजे पलीकडे बघण्यासाठी करतात तशी, हे मी आवाजावरून सांगते. पण त्यांच्या डोळ्यांत ऊन होते आणि मी उलट्या गाडीच्या सावलीत होते. त्यांची गाडी माझ्या मागच्या चाकांवर आदळली आणि बाजूला कलंडली. तेव्हा माझ्या खांद्याचे हाड मोडले. आवाज आला. दुखायला नंतर लागले.

पहिल्यांदा बाईचा आवाज ऐकला. "एफ्राईन, खाली माणूस आहे."

बाल्डेनेग्रो यांचा डावा हात मनगटाच्या वर मोडलेला होता. ते सरपटत माझ्याजवळ आले. आडवे झाले, म्हणजे त्यांचे तोंड माझ्या तोंडासमोर आले, फक्त उलटे. त्यांनी उजव्या हाताने माझ्या हनुवटीखालची वाळू काढायला सुरुवात केली. काढली तेवढी पुन्हा येत होती. ते काढत राहिले.

पत्नीला ते म्हणाले, "सोकोरो, वर जा. माथ्यावर उभी राहा. आपला झेंडा घे आणि हलव. आता दुसरं कुणी यायला नको."

त्या म्हणाल्या, "तुझा हात..."

"हात कुठं जात नाहीये. तू जा."

त्या गेल्या. पुढचा सगळा वेळ त्या माथ्यावर झेंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांना पायऱ्या चढतानाही दम लागतो, असे मला नंतर समजले.

बाल्डेनेग्रो माझ्याशी बोलत राहिले. मी झोपू नये म्हणून असेल. ते म्हणाले, "बाई, माझी बायको वर्षानुवर्षं विचारतेय, वाळूत जाऊन तुला काय मिळतं? आज मिळालं बघा." नंतर म्हणाले, "तुमचे लोक येतीलच आता. किती जण आहात?"

मी म्हटले, तीन.

ते म्हणाले, "पुढच्यानं एक बोट दाखवलं. मागच्यानं मूठ. मी नीट बघितलं."

मी म्हटले, हो.

ते म्हणाले, "मग तुम्ही कोण?"

त्यांनी हे टोचून विचारले नाही. त्यांना खरेच कळत नव्हते.  ते वाळू काढत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हेल्मेटात रेडिओ आहे ना? काही ऐकू येतंय?"

तेव्हा क्लेट यांचे बटण दाबलेले राहिले असावे. ते कोणाला तरी सांगत होते, की बायकोने या वर्षी स्वतःची गाडी घेतली, आणि वाटते त्यापेक्षा बरी चालवते. ते ऐकू येत होते. मी बाल्डेनेग्रो यांना सांगितले, काही ऐकू येत नाही.

असे का सांगितले, असे मला विचारण्यात आले. मी पाणी मागितले. पाणी देण्यात आले.

माणसे जमायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. टांगलेल्या माणसाला वेळ कळत नाही. माझ्या हेल्मेटच्या काचेवर पिंजऱ्याच्या नळ्यांमधून उन्हाची एक तिरीप आली होती, ती काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. सोकोरो यांचा झेंडा बघून अनोळखी लोक थांबले. त्यांनी पट्टे लावून गाडी उचलली आणि मला काढले. क्लेट त्यानंतर आले. वाटीत गाडी उलटली आहे, हे टेकडीवर कोणीतरी बोलताना त्यांनी ऐकले आणि शेपूट म्हणून मदतीला आले. माथ्यावरून त्यांनी खालच्या लोकांना विचारले, "कोण आहे?"

कोणीतरी सांगितले, "एक बाई आहे."

क्लेट म्हणाले, "कुणाबरोबरची?"

मग त्यांना हिरवा रंग दिसला असावा. ते माथ्यावरून बसून घसरत खाली आले. त्यांनी माझे हेल्मेट दोन्ही हातांनी धरले, ते माझ्या लक्षात आहे. 

मला आणि बाल्डेनेग्रो यांना एकाच गाडीतून नेले. मध्ये सोकोरो बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "हा लेट्यूसचा ट्रक चालवतो. त्यावर गुन्हा लागला तर परवाना जाईल त्याचा. तुम्ही वर होतात ना? यानं हात बघितल्याशिवाय गाडी वळवली नाही. तुम्ही बघितलंत ना?" बाल्डेनेग्रो म्हणाले, "सोकोरो, त्यांना राहू दे आता." मी तेव्हा डोळे मिटले होते. मी जागी होते.

दवाखान्यात क्लेट माझ्या खाटेशी बसले होते. त्यांनी माझे बूट काढले, वाळू केराच्या डब्यात ओतली, बूट पुन्हा नीट जोडीने ठेवले. मग त्यांनी मला विचारले, "लोर, मी एक बोट दाखवलं होतं ना?"

मी त्यांच्याकडे बघितले. ते म्हणाले, "मला खरंच आठवत नाही गं. हात आपोआप वर जातो. तो माणूस म्हणतोय मूठ होती. मी असं करीन का? तूच सांग. तू सांगशील ते मी धरून चालेन."

मी म्हटले, उशीर झाला, झोपा आता. ते खुर्चीतच झोपले. त्यांचा हात रात्रभर माझ्या पांघरुणावर होता.

आज सकाळी सासरे आले. क्लेट कॉफी आणायला गेले होते. सासरे म्हणाले, "पोरी, जबाब म्हणजे दोन ओळी असतात. तो माथ्यावरून आला, तू खाली होतीस. संपलं."

मी म्हटले, त्यांनी हाताबद्दल विचारले तर?

सासरे म्हणाले, "विचारलं तर एक बोट होतं. तुझ्या काचेवर धूळ होती. तुला नीट दिसलं नाही. यातलं काय हवं ते सांग."

मी म्हटले, तुम्हीही एकच बोट दाखवलं, पॉप.

त्यांनी दाराकडे बघितले. मग म्हणाले, "तळावर क्लेटकडं काय आहे ते तुला माहीत आहे. लोक आपली पोरं त्याच्या पुढं घालतात. हे गेलं तर त्याच्याकडं काय राहील? आणि त्या माणसाचं काय, तो दंड भरेल आणि घरी जाईल." नंतर म्हणाले, "तू चांगली आहेस. नेहमीच चांगली होतीस. तोंड उघडून कधी काही मागितलं नाहीस."

सासऱ्यांनी मला धमकी दिली का, असे विचारण्यात आले. नाही. त्यांनी माझ्यासाठी संत्रे सोलून आणले होते. माझा एक हात चालत नाही, म्हणून फोडी सुट्या करून आणल्या होत्या.

इथपर्यंत आम्ही तिघे एकाच ट्रकमधून आलो. मला मध्ये बसवले, म्हणजे खांद्याला दार लागू नये.  वाळूपट्टी सुरू झाली तेव्हा समोरून काही बग्ग्या रस्ता ओलांडत होत्या. पहिल्याने तीन बोटे दाखवली. क्लेट यांनी ट्रक थांबवला आणि शेवटची मूठ दिसेपर्यंत थांबून राहिले. ते नेहमीच तसे थांबतात.

डेप्युटी सलसीडो यांनी मला विचारले, की क्लेट प्रुइट यांनी हे जाणूनबुजून केले असे वाटते का. मला तसे वाटत नाही. आमच्यात वाद नव्हता. ते दारू प्यालेले नव्हते. माझे बरेवाईट व्हावे असे त्यांच्या मनात येणार नाही. त्यांनी मूठ दाखवली, कारण ते नेहमी मूठ दाखवतात. त्यांनी मागे बघितले नाही, कारण मागे मी बघत असे. आरसा अजूनही रिकाम्या उजव्या सीटकडे वळवलेला आहे. तोही बघून घ्यावा.

मग ही निव्वळ सवय म्हणायची का, असे डेप्युटी सलसीडो यांनी विचारले. मी म्हटले, तुम्ही काय लिहायचे ते तुम्ही ठरवा. मी काय बघितले ते सांगितले. सासऱ्यांनी एक बोट दाखवले आणि क्लेट यांनी मूठ. दोघांचा हिशेब एकमेकांशी जुळतो. फक्त त्यात मी नव्हते.

एफ्राईन बाल्डेनेग्रो यांनी थांबून बोटे मोजली, मूठ बघितली आणि मगच गाडी वळवली. वाळूत शहाण्या माणसाने जे करायचे ते त्यांनी केले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी माझ्या तोंडाजवळची वाळू काढली नसती तर हा जबाब द्यायला मी आले नसते.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारण्यात आले. सध्या नाही. आज कोणाच्या घरी जाणार, असेही विचारण्यात आले. ते जबाबाचा भाग म्हणून विचारत नाही, काळजीने विचारतो आहे, असे डेप्युटी सलसीडो म्हणाले. मी म्हटले, आधी हे वाचून होऊ दे.

वाचायला सुरुवात करण्याआधी डेप्युटी सलसीडो दार लावायला उठले. बाहेरच्या बाकावर माझे पती आणि सासरे बसलेले होते. मी म्हटले, दार राहू द्या, आणि वाचाल तर जरा मोठ्याने वाचा. ते म्हणाले, "त्यांना ऐकू जाईल, बाई." मी म्हटले, माझ्या पतींनी मला एक गोष्ट विचारली आहे, तिचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

त्याप्रमाणे वरील मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचण्यात आला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यात काही वाढवलेले नाही आणि कमी केलेले नाही.  मुठीचा परिच्छेद झाला तेव्हा बाकाचा आवाज आला, कोणीतरी उठले. पावले दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढचे सगळे त्यांनी उभ्याने ऐकले. उजवा हात चालत नसल्याने मी डाव्या हाताने सही करत आहे.

(सही) लोरीन प्रुइट